जाळीवरची बावीस वर्षं

अणुवीज केंद्रात मी बावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातला एकही दिवस अणुभट्टीच्या इमारतीत गेलो नाही. हे वाक्य आज मी सहज लिहितो. बेंगळुरूला आल्यावर पहिली चार वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्यापायी मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडायला आलं होतं. ते कसं, तेवढं सांगतो.

आमचं केंद्र तळ्याच्या काठावर होतं. तळं म्हणजे खरं तर धरणाचं अडवलेलं पाणी, पण इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ हिवाळ्यात सकाळी तेवढा दिसायचा. सगळे तळंच म्हणायचे. बेंगळुरूहून तिकडे जायला आगगाडीचे दोन दिवस आणि वर बसचे तीन तास. मी बेळगावकडचा, चौथी शिकलेला. फिटरचं काम हाताने शिकलो. एका ठेकेदाराबरोबर धरणाचे दरवाजे बसवायला तिकडे गेलो, धरण संपलं, आणि शेजारीच केंद्राचं काम निघालं तसा तिथेच राहिलो. म्हणजे केंद्राच्या आधी मी तिथे होतो. पुढे नवे साहेब लोक आले की मी त्यांना हे ऐकवायचो. मुकाट ऐकून घ्यायचे.

सुरुवातीला परदेशी साहेब होते. उन्हात लालबुंद व्हायचे आणि संध्याकाळी तळ्यात पोहायचे. मग एका वर्षी त्यांच्या सरकारचं आणि आपल्या सरकारचं बिनसलं आणि ते निघून गेले. काही नकाशे मागे राहिले, काही नाही. राहिलेले पुढ्यात घेऊन आणि न राहिलेले डोक्याने काढून आपल्या लोकांनी उरलेलं उभं केलं. त्याला वर्षं लागली. एक व्हॉल्व्ह बाहेरून मिळेना म्हणून तो इथे बनवायचा, तो गळला की पुन्हा बनवायचा, असं चालायचं. शेवटी युनिट चालू झालं त्या दिवशी पेढे वाटले. मला पेढा मिळाला तो पंपघराच्या दारात.

केंद्र चालतं कसं, हे मी आजवर शंभर जणांना समजावलं असेल. युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या नळ्यांच्या हातभर लांबीच्या जुड्या असतात. त्या आपल्या आपण तापतात, त्यांना काडी लावावी लागत नाही. जड पाणी म्हणून एक वेगळं पाणी असतं, ते त्यांच्यावरून फिरतं आणि ती उष्णता घेऊन दुसऱ्या, साध्या पाण्याला देतं. साध्या पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, वीज निघते. इथपर्यंत लोक मन लावून ऐकतात. पुढचं कोणी विचारत नाही. टर्बाइन फिरवून झाल्यावर त्या वाफेचं करायचं काय? तिला थंड करून परत पाणी करावं लागतं, आणि थंड करायला लागतं तळ्याचं पाणी. नळ्यांच्या बाहेरून वाफ, आतून तळं. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. एका अंगाने गार पाणी येतं, दुसऱ्या अंगाने कोमट होऊन तळ्यात परत जातं. हे पाणी खेचणारं पंपघर तळ्याच्या काठावर, मुख्य इमारतीपासून अर्धा फर्लांग लांब. मी तिथे.

पंपांच्या आधी जाळ्या असतात. पहिली जाळी उभ्या गजांची, ओंडके आणि मेलेली गुरं अडवायला. तिच्या मागे फिरती जाळी. ती रहाटासारखी पाण्यातून वर येते, वर आल्यावर फवारा तिला धुतो आणि कचरा नालीत पडतो. शेवाळ, पाणगवत, बोटाएवढे मासे, कापडं, चपला. एकदा एक अख्खी खाट आली, तिच्या दोरीत मासा अडकलेला. उन्हाळ्यात तळं खाली गेलं की तळाचं गवत सुटून जाळीवर यायचं, आणि मग जाळी फिरून फिरून भागायचं नाही, लांब दांड्याचे लोखंडी पंजे घेऊन हाताने ओढावं लागायचं. जाळीच्या अलीकडचं पाणी आणि पलीकडचं पाणी यांत वीतभर फरक पडला की कंट्रोल रूमला फोन करायचा. फरक वाढत गेला तर टर्बाइन थांबवावं लागतं, मग भट्टीही खाली आणावी लागते. म्हणजे मूठभर गवताने सगळं बंद. मला तो फरक पट्टीवर बघावा लागत नसे. पाणी कमी पडायला लागलं की पंप खडे चावल्यासारखा आवाज करतो, तो मी जेवताना ओळखायचो.

आमच्याकडे पाळी बदलताना एक रीत होती. जाणाऱ्याने नवीन आलेल्याला सगळं ठीक आहे असं सांगायचं नाही. आलेल्याने प्रत्येक पंपाच्या बेअरिंगवर तळहात ठेवायचा, आणि त्याने मान हलवली की मगच जाणाऱ्याने सायकल काढायची. ही रीत कोणत्याही पुस्तकात नव्हती. मीच लावली होती.

तरीपण केंद्रात दोन जाती होत्या, आतले आणि बाहेरचे. आतल्यांच्या खिशाला बिल्ला असायचा. त्यात फोटोची फीत असते. ठरावीक दिवसांनी ती धुऊन बघतात, माणसाला किती किरण लागले ते कळतं. आतल्यांचे आत घालायचे बूट वेगळे, कपडे वेगळे, बाहेर येताना मशीनवर हातपाय ठेवून तपासणी. बिल्ला गेटवर ठेवून घरी जायचा नियम होता, पण काही जण विसरल्यासारखं करून तो लावूनच बाजारात यायचे. न्हावी त्यांना आधी बसवायचा. आम्हा बाहेरच्यांना बिल्ला नव्हता. मला त्याचं काही वाटतं असं कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो.

निवृत्त झाल्यावर बेंगळुरूला आलो. बायकोचं माहेर इथलं, तीन पिढ्यांपासूनचं, आणि मुलीला इथे एका प्रवास कंपनीत तिकिटांच्या खिडकीवर नोकरी लागली होती. जयनगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली घरमालकीण, तिला सगळे अक्का म्हणत. इमारतीत एकच फोन, तो तिच्याकडे.

त्या वर्षांत संध्याकाळी वीज जायची, रोज म्हटलं तरी चालेल. वीज गेली की बिऱ्हाडकरू खालच्या पायऱ्यांवर येऊन बसत. मी अणुवीज केंद्रातला, म्हणून वीज गेली की सगळे माझ्याकडे बघायचे, जसं काही मी खिशात घालून आणलीय.

अक्का म्हणायची, ‘‘अण्णा, गेली बघा पुन्हा. तुमचे लोक काय करतायत तिकडे?’’

मी म्हणायचो, ‘‘माझ्या पाळीत गेली नव्हती कधी.’’

मग मी त्यांना युरेनियम, जड पाणी, वाफ हे सगळं सांगायचो. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. साहेब लोक पंपघराच्या मागे सिगारेट ओढायला यायचे, त्यांचं बोलणं ऐकून ऐकून मी जोडत गेलो होतो. एकदा पलीकडच्या बिऱ्हाडातल्या बँकेतल्या माणसाने विचारलं, ‘‘तुम्ही भट्टीत आत जाऊन आलाय?’’

‘‘रोजचंच होतं ते,’’ मी म्हणालो.

तीन शब्द. बायको वर कंदील पुसत होती, तिने ऐकलं. वर गेल्यावर म्हणाली, ‘‘रोज आत जात होता होय?’’

‘‘जाळीच्या आत.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि काच बसवली.

त्यानंतर ते तसंच पडलं. पायऱ्यांवर मी आतला झालो. न्हावी, दूधवाला, भाजीच्या दुकानातला पोऱ्या, सगळे मला ‘अॅटॉमिक’ म्हणायला लागले. बायको आणि मुलगी दोघींना खरं माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत याचा अर्थ मी मला सोयीचा लावला.

मुलीला सव्विसावं लागलं होतं. तीन स्थळं येऊन गेली होती. चौथं आलं ते नागपूरकडचं. मुलगा संगणकाच्या कंपनीत, मारतहळ्ळीला दोन खोल्यांत आईबरोबर राहायचा. वडील नव्हते. आई आणि तिचा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, असे तिघं आमच्याकडे आले. मामा मुद्दाम नागपुराहून आला होता. पोहे झाले, कॉफी झाली. मुलगा सरळ वाटला. त्याने मुलीला तिच्या कामाचं विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘काका, तुम्ही अॅटॉमिकमध्ये होता ना? अगदी रिअॅक्टरला?’’

त्याने इतक्या उत्सुकतेने विचारलं की मी थांबलोच नाही. ‘‘बावीस वर्षं,’’ मी म्हणालो, ‘‘आतच.’’ आणि वर बिल्ल्याची गोष्ट सांगितली, बूट बदलण्याची सांगितली, हातपाय तपासण्याची सांगितली. दुसऱ्यांच्या तोंडची ऐकलेली, पण मी सांगितली आपली म्हणून. मुलगी कपबशा गोळा करत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. मुलाची आई कॉफीचा कप हातात तसाच धरून बसली होती. मला वाटलं, भारावून ऐकतेय.

चार दिवसांनी अक्काच्या फोनवर मामाचा फोन आला.

‘‘मुलगी आम्हाला पसंत आहे बरं का,’’ तो म्हणाला. ‘‘पोराला तर फारच. पण ताईच्या मनात एक शंका आहे. ते रेडिएशन म्हणतात नं, ते अंगात राहते म्हणे. बापाकडून लेकरात उतरते. उद्या बाळंतपणात काही निघालं तर कोणाला विचारावं? तुम्ही एखादं सर्टिफिकेट देऊ शकाल काय?’’

आमच्याच राज्यात पश्चिमेकडे तेव्हा एक नवं केंद्र उभं राहत होतं. पेपरात रोज त्याच्या बाजूने आणि विरुद्ध छापून येत होतं. लोकांच्या डोक्यात ते होतं. मला हे कळत होतं, तरी मी म्हणालो, ‘‘मी काय म्हैस विकतोय दाखला द्यायला?’’ आणि फोन ठेवला. अक्का शेंगा सोलत होती. तिला मराठी येत नव्हतं. तिने नुसतं माझ्या तोंडाकडे बघून ‘‘सरी, सरी’’, म्हणजे बरं, बरं, असं म्हटलं.

वर येऊन मी घडलेलं सांगितलं. मुलगी समोर येऊन बसली.

‘‘अप्पा, आधीच्या तिघांच्या वेळी मी काही म्हणाले नाही. आता म्हणते. मला हा मुलगा पसंत आहे.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘पंपघराचं सांगा त्यांना. तेवढंच.’’

‘‘खोटं बोललो म्हणून सांगू?’’

‘‘हो.’’

‘‘पंपघर बंद पडलं तर काय होतं ठाऊक आहे तुला? सगळं...’’

‘‘मला ठाऊक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी डबा घेऊन यायचे तिथे. ते मला नका सांगू, त्यांना सांगा.’’

मी आठ दिवस काही केलं नाही. माझं म्हणणं असं होतं की ज्यांना पोर पसंत आहे त्यांनी बापाची चौकशी कशाला करावी. हे मी बायकोला तीनदा समजावलं. ती प्रत्येक वेळी ‘‘बरोबर आहे तुमचं’’ म्हणाली. आठव्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला. मुलगी खाली गेली. मी जिन्यात उभा होतो. अक्काच्या घरात चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर ती नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ म्हणत होती. ‘माहीत नाही’ तीनदा म्हणाली. मग वर आली आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

सकाळी मी बायकोला विचारलं, ‘‘मारतहळ्ळीला कुठली बस जाते?’’

बायकोही बरोबर निघाली. दोन बस बदलाव्या लागल्या. तेव्हा तिकडे रिंग रोडचं काम चालू होतं. लाल माती, आणि मधूनच एखादी नवी कोरी इमारत, तिच्या शेजारी गवताची गंजी. मुलगा कामावर गेला होता. आई घरी होती, आणि सोक्षमोक्ष लागेपर्यंत थांबलेला मामाही. आई पाणी घेऊन आली. मी पाणी न पिता सांगून टाकलं. एकदा प्यालो असतो तर सांगितलं नसतं.

‘‘मी आत नव्हतो. पंपघरात होतो, तळ्यावर. जाळीवरचं गवत आणि मासे काढायचो, पंप सांभाळायचो. मला बिल्ला नव्हता. भट्टीच्या इमारतीत मी पाय ठेवलेला नाही.’’

मामाने बहिणीकडे बघितलं. तो म्हणाला, ‘‘त्या दिवशी तर तुम्ही आत, आत म्हणून सांगून राहिले होते. बूट बदलत होतो म्हणे.’’

‘‘दुसऱ्यांचं सांगत होतो.’’

‘‘काहून?’’

बायको म्हणाली, ‘‘त्यांना तसं सांगायला बरं वाटतं.’’ तिने ते असं म्हटलं जसं एखाद्याला गोड आवडतं म्हणावं.

मुलाची आई इतका वेळ उभी होती, ती खाली बसली. ‘‘दादा, मला राग नाही,’’ ती मला म्हणाली. ‘‘पण आता मी कोणतं खरं धरू? तेव्हाचं की आजचं? लग्न मोडतंय बघून माणूस काहीही बोलते. मीही बोलले असते.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘माझे हे रक्ताच्या आजाराने गेले. पोरगा सहा वर्षांचा होता. दोन वर्षं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढली. तिथे शेजारी बसणाऱ्या बायका काय काय सांगायच्या. कारखान्यातलं अंगात गेलं, औषधातलं गेलं. ह्यांच्यात कुठून आलं ते डॉक्टरने कधी सांगितलं नाही. मला तेवढी एकच भीती आहे. बाकी तुमच्या पोरीत मला काही खोट दिसत नाही.’’

यावर भांडता येईना. आत्तापर्यंत ती बाई माझी लायकी तपासतेय असं मी धरून चाललो होतो. मी विचारलं, ‘‘केंद्राचा कागद आणला तर चालेल?’’

‘‘चालेल,’’ ती म्हणाली.

मामा म्हणाला, ‘‘शिक्क्याचा पाहिजे.’’

घरी येऊन मुलीने केंद्राला पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहायचं होतं. मी सांगायचो, ती लिहायची. मी म्हणालो, लिही की धरणापासून होतो. लिही की पाणगवत आलं त्या उन्हाळ्यात मी तीन दिवस घरी गेलो नव्हतो आणि युनिट एक मिनिट बंद पडलं नाही. लिही की बेअरिंगवर हात ठेवायची रीत माझी.

‘‘अप्पा, त्यांना फक्त तुमचा नंबर आणि खातं हवंय.’’

‘‘लिही.’’

तिने लिहिलं. मी खाली मराठीत सही केली. दोन पानांचं पत्र झालं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी पायऱ्यांवर बसायला गेलो नाही. वीज गेली की वर अंधारातच बसायचो. अक्काने एकदा खालून हाक मारली, ‘‘अण्णा, स्वल्प खाली या की, भट्टीचं सांगा.’’ मी म्हणालो, गुडघा दुखतोय.

उत्तर एका कागदाचं होतं, वर तीन ओळी टाइप केलेल्या. मुलीने उभ्या उभ्या वाचलं. सदर कर्मचारी पंपघर विभागात, केंद्राच्या नियंत्रित क्षेत्राबाहेर नेमणुकीस होते. नियंत्रित क्षेत्रात त्यांना प्रवेश दिल्याची नोंद नाही. त्यांच्या किरणमात्रेची नोंद ठेवण्याची गरज नव्हती. खाली सही, शिक्का.

‘‘गवताचं काही लिहिलंय?’’ मी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘बघ मागे.’’

तिने कागद उलटा करून दाखवला. मागे कोरा होता. मी तो घेतला आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढून तिच्या हातात दिला.

ते लोक रविवारी आले. मुलगाही आला होता. मामाने चष्मा लावून कागद मोठ्याने इंग्रजीत वाचला, मग मराठीत. ‘गरज नव्हती’ हे शब्द त्याने दोनदा वाचले, त्याला ते समाधानाचे वाटले म्हणून. मी खिडकीकडे बघत होतो. मुलाच्या आईने कागद हातात घेतला, शिक्का बोटाने चाचपला.

‘‘झालं आता,’’ ती म्हणाली.

मामा म्हणाला, ‘‘ताई, कागद ठीक आहे. पण आलोच आहो इतक्या लांबून, तर पोरीचं रक्त एकदा तपासून घेऊ. इथे जवळच लॅब असंल. मनात किंतु नको.’’

मी उठलो. ‘‘माझा कागद मिळाला तुम्हाला,’’ मी म्हणालो. ‘‘मी बाहेरचा होतो हे चार माणसांत दोन भाषांत वाचून झालं. पोरीचं रक्त मिळणार नाही. कॉफी घ्या आणि निघा.’’

बायको दारात येऊन उभी राहिली. मुलगी तिच्या मागून पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मुलाच्या आईसमोर खाली बसली.

‘‘मी देते रक्त,’’ ती म्हणाली. ‘‘पण यांनीही द्यायचं. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी.’’

‘‘त्याचं कशाला?’’ मामा म्हणाला. ‘‘मुलाचं कोणी तपासते काय?’’

‘‘माझ्या बाबतीत तुम्हाला भीती वाटते. मग त्यांच्या बाबतीत मला वाटली तर?’’

मुलाची आई एकदम पांढरी पडली. माझ्या मुलीने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून मला कळलं, पण त्या बाईच्या घरात जे झालं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, आता उठून जातील. मुलगी बरोबर बोलली असं वाटलं, आणि फार बोलली असंही वाटलं.

मुलगा म्हणाला, ‘‘आई, मी देतो.’’

‘‘नको रे.’’

‘‘तू वीस वर्षं झाली, करू देत नाहीस. ताप आला तरी रक्त काढू देत नाहीस.’’

‘‘काही निघालं तर?’’ ती म्हणाली. हे तिने आम्हा सर्वांसमोर म्हटलं, आणि मग पदर तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं की एवढे दिवस ती आमच्या पोरीच्या रक्ताला भीत नव्हतीच, किंवा त्याला भीत होती ते आपल्या पोराच्या रक्ताकडे बघायला नको म्हणून. हे मी आता शब्दांत मांडतोय. तेव्हा नुसतं एवढं झालं की मी परत खुर्चीवर बसलो.

माझी मुलगी तिला म्हणाली, ‘‘काही निघालं तरी मी आहे.’’

असं कोणी बोलायला नको होतं, लग्नाआधी तर नकोच. बायकोने माझ्याकडे बघितलं.

सोमवारी सकाळी चौथ्या ब्लॉकच्या बाजाराजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. दोघांना उपाशीपोटी बोलावलं होतं. आत पडद्यामागे दोघांचं रक्त काढलं आणि ती दोघं दंडात कापूस दाबून, कोपर वाकवून बाहेर आली. मुलगा म्हणाला, त्याला भूक लागलीय. ती म्हणाली, तिलाही. मामा म्हणाला, कागद हातात आल्याशिवाय मी हलणार नाही. मुलगा म्हणाला, ‘‘मामा, कागद दुपारी मिळतील. तोवर आम्ही काय बघत बसू?’’ आणि ती दोघं समोरच्या हॉटेलात डोसा खायला गेली. माझी बायको त्यांच्या मागे गेली, कारण दोघांनीच जाणं बरं दिसत नव्हतं. तिथे जाऊन ती वेगळ्या टेबलावर बसली, असं नंतर कळलं.

आम्ही तिघं बाकावर. मामाला पेंग आली. मुलाची आई हातात छोटी पर्स घट्ट धरून बसली होती. तिने विचारलं, ‘‘दादा, तुमच्या त्या जाळीवर खरंच मासे यायचे?’’

‘‘यायचे.’’

‘‘मेलेले?’’

‘‘काही जिवंत. जिवंत दिसला की मी बादलीत टाकून कोमट पाण्याच्या अंगाला सोडून यायचो. तिथे हिवाळ्यात मासा चांगला वाढतो.’’

‘‘रोज?’’

‘‘पाळी असेल तेव्हा.’’

ती थोडी हसली. खिडकीवरचा माणूस नावं पुकारायचा तेव्हा प्रत्येक नावाला तिचा पाय हलायचा, आपलं नसलं तरी. मी तिच्याशी बोलत राहायचं ठरवलं. गवत येतं ते कसं ओळखायचं, एवढं सांगितलं. तिने ऐकलं.

दुपारी दोन्ही पाकिटं मिळाली. ती उठली नाही, म्हणून मी खिडकीवर गेलो. मला इंग्रजी वाचता येत नाही. मामा डुलकीतून उठून चष्मा शोधायला लागला. मी खिडकीवरच्या माणसाला कानडीत म्हणालो, तूच बघ आणि सांग. त्याने पाकिटं फोडून आधी एक कागद बघितला, मग दुसरा, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘एल्ला सरी इदे, अम्मा. दोघांचंही.’’

तिला कानडी येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘‘काही नाही. दोघांनाही काही नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘त्याने दोनदा बघितलं.’’

मामाने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, आकड्यांवर बोट ठेवून. त्याने मान हलवली तेव्हा ती उठली. तिने त्याच्या हातातून दोन्ही कागद घेतले, एकावर एक ठेवून मधोमध घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

मी म्हणालो, ‘‘अहो, त्यातला एक आमचा आहे.’’

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘एकाच घरात ठेवायचे आहेत.’’

मग तिने विचारलं, पोरं कोणत्या हॉटेलात बसली आहेत, आणि रस्ता ओलांडताना माझ्या पुढे गेली.